मेथीच्या चोवीस जुड्या

तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रभुभोजन असतं आणि ते आटोपून तुम्ही लगेच मोटारीत बसता, हे तुमच्या पत्रात वाचलं आणि मला इंदापूरचा एक शनिवार आठवला. म्हणून मुलांनो, पहिल्यापासून नीट लिहून काढते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली मी लग्न होऊन बारामतीला आले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, प्रेस्बिटेरियन. म्हणजे कारभार एकट्या पाळकाच्या, पाद्रीसाहेबांच्या, हाती नसे. मंडळीने आपल्यातूनच निवडलेले काही जण, त्यांना 'वडील' म्हणत, पाळकांबरोबर बसून सगळं ठरवत. बारामतीत आमची पंधरा-वीस घरं, इंदापुरात त्याहून कमी, आणि दोन्हीकडे मिळून पाळक एकच. ते बावड्यापर्यंत सायकलवर फिरत. त्यामुळे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा, आळीपाळीने बारामतीत आणि इंदापुरात, आणि त्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकत्र. आदल्या शनिवारी दुपारी तयारीची उपासना होई. ज्याला प्रभूच्या मेजाशी पहिल्यांदा बसायचं असेल त्याची वडिलांसमोर परीक्षाही तेव्हाच. पास झालं तर उद्या येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला. नाही तर पुन्हा तीन महिने थांबायचं.

आमच्या मंडळीत एक मावशी होत्या. कालव्याकाठी एकाच्या मळ्यात वाट्याने भाजी करायच्या. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पण त्या वाढल्या पणदऱ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर; तिथे शिकवणारं कोणी नव्हतं. अक्षरओळख नाही, म्हणून परीक्षेचं नाव काढलं की त्या मागे सरत. कितीतरी वर्षं प्रभुभोजनाच्या दिवशी त्या शेवटच्या चटईवर बसत. ताट आलं की आतल्या भाकरीला हात न लावता शेजारणीकडे सरकवत. त्यांची मुलगी मात्र मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, तिची परीक्षा तिथेच झालेली. ती पुढे बसून भाकर घेई आणि आई मागून बघे.

मुलीचं लग्न ठरलं. जावई नागपूरकडे रेल्वेत. लग्नाआधी एकच प्रभुभोजन उरलं होतं, इंदापूरचं.

मावशी एका संध्याकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, पोरगी जायच्या आधी एकदा तिच्या शेजारी बसून ती भाकर खायची हाय. जमंल का वो मला?"

"दोन महिने आहेत, मावशी. जमवूच."

"बघा बया. माझं डोस्कं म्हंजी रांजण हाय. काय बी टाका, तळाला जाऊन बसतं."

मला इतका आनंद झाला की मी रात्रीच वेळापत्रक आखलं. पाळकसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक वही होती, चोवीस प्रश्न आणि चोवीस उत्तरं. परीक्षा त्यातूनच होई. तिची मी सुवाच्य नक्कल केली. शाळा सुटली की मी थेट मळ्यात जाई. तेव्हा मावशी दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या असत. त्यांचे हात थांबवायचे नाहीत असं मी ठरवलं आणि त्यातूनच युक्ती सुचली: एक जुडी, एक उत्तर. पहिली जुडी बांधताना पहिलं उत्तर, दुसरीला दुसरं. तुला कोणी घडवलं? देवानं. देव किती आहेत? एकच. आपण कसे आहोत? पापी, सगळेच, त्यातून एकही सुटला नाही. असं चोविसाव्यापर्यंत. महिन्याभरात मावशी मी प्रश्न न विचारताच धडाधड उत्तरं म्हणू लागल्या. शेवटची जुडी ढिगावर टाकून माझ्याकडे बघत. मी घड्याळ लावून मोजलं होतं, चार मिनिटांत चोवीस!

तुमचे आजोबा हसत. "परीक्षा मावशींची आहे की तुझी?"

खरं तर दोघींचीच होती.

तो शनिवार उजाडला. सकाळच्या मोटारीने बारामतीहून आम्ही अकराजण निघालो. टोपलीत वांगी, गाठोड्यात भाकरी, आणि माझ्या मांडीवर मनुका उकळून गाळलेल्या रसाची बाटली, उद्याच्या प्याल्यासाठी. मोटार सुटली तशी आमच्यातल्या एकाने गाणं धरलं, मागून टाळ वाजले, आणि शेजारच्या बाकावरची माणसंही मान डोलवू लागली. मावशी नव्या लुगड्यात, खिडकीशी मुलीला बिलगून.

कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, वऱ्हाड निघालं काय?"

"वऱ्हाड न्हाय. पंगतीला निघालोय."

"कुणाकडं?"

"हाय एक मोठा मानूस. तुमाला बी वळखतो."

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला, हसला आणि पुढे गेला. मुलगी लाजून म्हणाली, "आई, गप की गं." पण मावशींचे ओठ हलतच होते. मला वाटलं उत्तरं म्हणतायत, आणि मी समाधानाने बाटली घट्ट धरली.

इंदापूरच्या प्रार्थनामंदिराच्या अंगणात चूल पेटलेलीच होती. आमच्या रीतीप्रमाणे "सलाम, सलाम" म्हणत हातात हात घेणं सुरू झालं. तिथल्या बायका वांगी बघून ओरडल्या, "आले बारामतीकर! आता आमच्या कोरड्यासाला कोन इचारतंय!" जेवणं झाली आणि आम्ही आत चटयांवर बसलो.

तयारीच्या उपासनेत एक रीत होती. गेल्या तीन महिन्यांत ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्याने उठून त्याच्याजवळ जायचं आणि हात पुढे करायचा. काही जण उठले, काही डोळे पुसत परत बसले. मग पाळकसाहेबांनी मावशींना पुढे बोलावलं. परीक्षा खरं तर वडिलांनी वेगळं बसून घ्यायची, पण तिथे दुसरी खोलीच नव्हती. म्हणून सगळ्यांसमोरच.

प्रश्न विचारायचा मान यजमान मंडळीच्या थोरल्या वडिलांचा. त्यांना सगळे तात्या म्हणत. निवृत्त शाळामास्तर, बंद गळ्याचा कोट, ताठ मान. त्यांनी पाळकसाहेबांची वही हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. एक पान उलटलं. आणखी एक उलटलं. पहिला प्रश्न तर पहिल्याच पानावर होता.

"मंडळीचं मस्तक, म्हणजे प्रमुख, कोण?" तात्यांनी विचारलं.

मावशींनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग मान वर करून खणखणीत म्हणाल्या, "देवानं!"

तात्यांच्या भुवया वर गेल्या. "प्रभूच्या मेजाशी येताना मन कसं असावं?"

"एकच!"

"एकच? बरं. म्हणजे एकचित्त. चालेल." तात्यांनी आणखी एक पान उलटलं. "मंडळीचे वडील कसे असावेत?"

मावशी आता रंगात आल्या होत्या. "पापी! सगळेच! त्यातून एकही सुटला न्हाय!"

मग मागच्या चटईवर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं मंदिर हसू लागलं. पाळकसाहेबांनी रुमालाने तोंड झाकलं. हसत नव्हते ते चौघेच: तात्या, मी, मावशी आणि त्यांची मुलगी. मावशींना कळलं होतं की काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नव्हतं. त्यांची बोटं पदराची सुतं एकत्र करून बांधत होती.

तात्यांनी वही मिटली. "तयारी कच्ची आहे. पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला मुलगी नागपूरला असणार होती.

त्या काळी वडिलांच्या कामात बाईने बोलायची पद्धत नव्हती. पण मी उठून उभी राहिले होते, कशी ते मला आठवत नाही. "तात्या, चूक माझी आहे. त्यांना सगळी उत्तरं येतात. मी ती क्रमाने पाठ करून घेतली. कृपा करून पहिल्या प्रश्नापासून विचारा, त्या चार मिनिटांत चोवीस म्हणतील."

"बाई," तात्या म्हणाले, "तुम्ही शिक्षिका आहात. मीही मास्तर होतो. क्रम मोडला की जे मोडतं ते पाठांतर. प्रभूच्या मेजाशी पाढे म्हणून बसायचं का?"

ते खरं होतं. मी खाली बसले.

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तात्या, वही राहू द्या. मावशी, प्रार्थना करता ना? आमच्यासाठी एक करा."

"हितं? आत्ता?"

"इथंच."

मावशींनी डोळे मिटले. पदर सोडला आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने धरली.

"बापा, आज मेथी न्हाय हातात, तवा बोटावरच घेते. पयली जुडी पाळकसायबांची. सायकल मारून गुडघं गेल्यात त्यांचं, बळ दे. दुसरी बाईंची. लई जीव लावून शिकवत्यात, पर धावत असत्यात, त्यांना जरा दम खाऊ दे. तिसरी हितल्या त्या सूनबाईची, मागल्या खेपेला रडली हुती, तिची कूस उजव. चवथी त्या कंडक्टरची, त्यानं इचारलं पंगत कुणाची, त्याला कळू दे. पाचवी तात्यांची. त्यांना डोळ्यानं दिसंना झालंय. मागल्या खेपेला गाण्याचं पुस्तक उलटं धरलं हुतं. मास्तर मानूस, सांगायला लाजत्यात. त्यांच्या डोळ्यावरचा पडदा काढ. रोजची पाचवी जुडी त्यांचीच हाय, तुला म्हाईत हाय. आन् शेवटची माझ्या पोरीची. लांब चालली. उद्या तिच्या शेजारी बसू दिलंस तर बसंन, न्हाय तर मागनं बघंन. येशूच्या नावानं. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, रोजची जुडी म्हणजे?"

"म्हंजी बुधवारच्या प्रार्थनेला जो तो आपलं दुखणं सांगतो, ते इसरू नये म्हणून. एक जुडी, एक मानूस. किती वर्सं झाली. दोन महिनं त्या जुड्यांवर बाईंची उत्तरं बसली, मग मानसं मी पहाटंच उरकून घ्यायची, भाजी खुडताना."

दोन महिने मी त्या हातांसमोर बसले होते. हे हात आधी काय मोजत होते, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मोटारीत त्यांचे ओठ का हलत होते, तेही आत्ता कळलं.

तात्यांनी चष्मा काढला. कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग वही पाळकसाहेबांच्या हातात दिली.

"पहिल्या पानाची शाई फिकट आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "मला अक्षर लागलं नाही. जिथं ठळक दिसलं तिथून विचारलं. ही गोष्ट मी घरीही सांगितलेली नाही."

तात्या इतर वडिलांकडे वळले. "माझं मत, त्यांना घ्यावं. आणि तिसरं उत्तर बरोबर धरावं."

"कुठलं तिसरं?" एका वडिलांनी विचारलं.

"वडील सगळेच पापी, ते."

या वेळी हसण्यात तात्याही होते. सगळ्या वडिलांचे हात वर गेले. मुलीने आईला मिठी मारली आणि मी मात्र, मुलांनो, शाळेतल्या मुलीसारखी टाळ्या वाजवू लागले. उपासनेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला ठाऊक होतं. पण मागच्या चटईवरून टाळ वाजले आणि मग कोण थांबतंय!

रविवारी सकाळी मावशी पहिल्या ओळीत बसल्या, मुलीच्या शेजारी. मी त्यांच्या मागे. भाकरीचं ताट तात्यांच्या हातात होतं. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपला तुकडा घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याकडे द्यायचं. मुलीने आपला तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी ताट आईपुढे धरलं. इतकी वर्षं ते सरकवणारे हात आता ते सोडीनात. तुकडा घेतला, खाल्ला, आणि ताट मांडीवर धरून मावशी बसून राहिल्या. त्यांच्या पलीकडची माणसं वाट बघत होती. शेवटी तात्या वाकले आणि कुजबुजले, "मावशी, पुढं द्या की."

मावशी तशाच कुजबुजल्या, पण ते साऱ्या मंदिराला ऐकू गेलं.

"देते वो, तात्या. लई दिवसांनी हातात आलंय. जरा थांबा."

आणि तात्या ताठ मानेने, हात जोडून, थांबले.