आभाळातून दोन तांबे पाणी

आभाळाला कामाला लावू पाहणारा माणूस साऱ्या मावळात एकच झाला, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. लोणावळा स्टेशनात इंजिनांना पाणी भरण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे पाणी वरूनच पडलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. अंघोळीचा तांब्यासुद्धा ते हात उंच करून, नेम धरून ओतत. निम्मं पाणी तुळशीला मिळे. लढाईच्या दिवसांत भुशीच्या डोंगरावरून विमानं जाऊ लागली, तेव्हा मामांनी मान वर केली ती खाली घेतलीच नाही. "जावईबापू, त्यातनं बॉम्ब टाकत्यात. मग वणव्यावर पाणी टाकाया काय व्हतंय?"

विमान काही मिळेना, म्हणून त्यांनी वावडी बांधली. कळकाच्या कामट्या, चार जुनी धोतरं, दारापेक्षा मोठा पतंग. खाली चामड्याची पिशवी आणि तिचं तोंड उघडायला वेगळी दोरी. पिशवीत पाणी मावे दोन तांबे. पहिल्या खेपेला ते मामींच्या कुरडयांवर पडलं. मामी म्हणाल्या, "आता वणवा बी तुमीच लावा, म्हंजी कामाला खंड न्हाई." गाव हसे. मामांना मात्र एकदा तरी नेम लागलेला पाहायचा होता.

त्या चैत्रातला वणवा मी लावला, हे आज प्रथमच लिहितो आहे. भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजायचा तो पहाटे, वारा पडलेला असताना. मी आळसाने दुपारी पेटवला आणि जाळ गवतातून डोंगर चढला. मामा वाऱ्याच्या अंगाला, टेकाडावर वावडी घेऊन हजर. इकडे एक ठिणगी माझ्या गोठ्याच्या छपरावर पडून धुमसू लागली. आत गाय बांधलेली, आणि मी छपराकडे पाहत अंगणात उभा. तोच धुरातून पाणी आलं. निम्मं ठिणगीवर, निम्मं माझ्या डोक्यावर.

डोंगरावरचा जाळ लोकांनी नेहमीसारखा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवला. संध्याकाळी चावडीवर कुणीतरी मामांना विचारलं, "आबा, तुमचं पाणी कुटं सांडलं?"

"धुरात दिसलं न्हाई," मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वावडी गेली त्याच अंगाला तुमचा गोठा. तुमी व्हता का तितं?"

खरं सांगावं, तर राब कुणी पेटवला हेही सांगावं लागलं असतं.

"मी गावात होतो," मी म्हणालो. सदरा बदलून आलो होतो.

मामांनी वावडी उसवली, मामींनी त्या धोतरांची गोधडी शिवली. ती गाय दर वेताला व्याली की पहिला चीक मी मामांकडे पोचवी. "लय माया करता," ते म्हणत, आणि मी रिकामं भांडं उचलून निघे. मामा गेले. त्यांची नातवंडं आजही आजोबांच्या पतंगावर हसतात. हसा बाळांनो, पण त्यांचा नेम लागला होता. पाहणारा मी एकटाच होतो.