साडूने काढलेले सतरा के

काका गेल्यापासून त्यांचा तो जुना कॉम्प्युटर कुणी चालू केलेला नाही. चालू कसा करायचा ते घरात सगळ्यांना येतं, पण हात जात नाही. काका किती चांगले होते ते भेटायला येणारे सगळे सांगतात. खोटं नाही ते. पण काका जळके होते हेही खरं, आणि ते गाळून सांगितलं तर ते दुसऱ्याच कुणाचे तरी काका वाटतात.

काका भरतकामाच्या कारखान्यात होते. पडद्यांवर नक्षी भरायचं मोठं मशीन, बारा सुया एकदम खालीवर. नक्षी कॉम्प्युटरमधून निघायची आणि आत बसवलेल्या एका कार्डातून वायरने मशीनला जायची. तो कॉम्प्युटर काकांच्या हाताखाली; पुढे मोडीत निघाला तेव्हा त्यांनी तो घरी आणला. शिक्षण बेताचं, पण मेमरीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या जुन्या कॉम्प्युटरांची रीतच अशी, की मेमरी कितीही घाला, नक्षीच्या प्रोग्रॅमला बसायला खाली एकच खोली, सहाशे चाळीस केची; के म्हणजे मेमरी मोजायचं माप. आणि बटण दाबलं रे दाबलं की माऊसचा प्रोग्रॅम, की-बोर्डचा, फ्लॉपीचा, सगळे त्याच खोलीत पाय पसरून बसायचे. काका त्यांना एकेक करून उचलून माळ्यावर टाकायचे. माळा म्हणजे खोलीच्या वरची मेमरी. तिथली जागा इकडे थोडी, तिकडे थोडी अशी असते. आधी कुणाला चढवायचं नि मग कुणाला, हा क्रम चुकला की मोठा वर मावत नाही, परत खाली येऊन बसतो. हा क्रम काकांनी दोन वर्षं वहीत लिहून खोडून बसवला होता. सहाशे एक के मोकळे. कारखान्याच्या मालकीणबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमचे काका दगडातून पाणी काढतात." काका मान खाली घालून स्क्रीन पुसायचे, पण कान तिकडेच.

आता साडू. काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला, बोलायला गोड, केस सगळे जाग्यावर. काकांचं त्याच्याशी वाकडं काहीच नव्हतं, फक्त त्याचं नाव निघालं की काकांना पाणी प्यायला उठावं लागायचं. आणि काकू नाव काढायच्याच. "धाकटीकडचा नळ ठिबकत नाही हो." एवढंच. पुढे काही नाही.

तर एका नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. वेलींची नक्षी, ही एवढी मोठी. काकांनी उघडली तर प्रोग्रॅम म्हणाला मेमरी कमी. सहाशे दहा पाहिजे. काका चार दिवस वही घेऊन बसले. सहाशे एकच्या वर काटा हलेना.

"काका, तुमच्या साडूंना बोलावू का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"त्यांचं नाव कुणी सांगितलं?"

"काकू परवा डबा द्यायला आल्या होत्या ना."

साडू एक फ्लॉपी घेऊन आला. "दादा, वही आत ठेवा आता. हा प्रोग्रॅम आपणच सगळे क्रम मांडून बघतो, हजारो. कुठला बरा ते ठरवतो नि लावून टाकतो." मग कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "माळ्यावरची कुठली जागा राखून ठेवायची आहे का?"

काकांना माहीत होतं. कार्डाला माळ्यावर थोडी जागा लागते. ते कार्ड मशीन सुरू होईपर्यंत झोपलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते. काकांच्या वहीत त्यासाठी वेगळी ओळ होती. पण ते म्हणाले, "हुशार आहे ना तुमचा प्रोग्रॅम? त्यालाच विचारा."

साडू हसला. चेष्टा समजला बिचारा. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू झाला आणि आकडा आला. सहाशे अठरा.

घरी काकू म्हणाल्या, "पंधरा मिनिटांत झालं म्हणे."

"वीस लागली."

"तरी, तुम्हाला दोन वर्षं लागली."

काका जेवले नाहीत. सतरा के म्हणजे काय मोठं, पण ते सतरा के त्यांच्या उरावर बसले.

पडदा सुरू झाला. पहिली वेल छान आली. दुसऱ्या वेलीत सुया मध्येच भरकटल्या, पानं देठ सोडून भलतीकडे. मशीनवर एक ताई असायच्या, बारा वर्षं तिथेच कामाला. मालकीणबाई त्यांच्यावर घसरल्या, धागा नीट ओवला नाही म्हणून. ताईंनी परत ओवला. परत तेच. दोन दिवस असं. काका शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. त्यांना पहिल्याच तासाला कळलं होतं. कार्डाच्या जागेवर माऊसवाला जाऊन बसला होता, आणि कार्ड जागं झालं की दोघांची मारामारी. बोलले नाहीत. साडूलाच बोलावतील, तो डोकं खाजवेल, मग आपली वही निघेल, असं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं.

पण मालकीणबाईंनी साडूला बोलावलंच नाही. ताईंना म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही उसवायला बसा. मशीनसाठी मी दुसरं कुणीतरी बघते."

ताई चष्मा काढून पुसत उभ्या राहिल्या.

तेव्हा काका उठले. साडूच्याच प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ घातली, की एवढी जागा सोडून दे. त्यांच्या मनात एकच होतं, आता आकडा सहाशे दहाच्या खाली यावा, म्हणजे हा प्रोग्रॅमच बाद. कॉम्प्युटर चालू झाला. सहाशे बारा. काकांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग ताईंना मशीन लावायला सांगितलं. वेल सरळ आली, देठाला पान, पानाला पान.

"म्हणजे काय होतं हे तुम्हाला ठाऊक होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"होतं. साडूंनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही."

"का?"

"त्यांचे सतरा के जास्त निघाले होते," काका म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सतरा के-साठी माझं मशीन घालवत होता होय?" आणि बारीक कात्री पुढे केली. "बसा."

काका बसले. बिघडलेल्या वेली एकेक टाका धरून उसवायच्या होत्या, कापडाला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर साडू आला. त्याला सगळं कळलं होतं. काकांना वाटलं आता ऐकवेल. तर तो चपला काढून समोर बसला.

"दादा, चूक माझी. नीट समोर बसून विचारायला हवं होतं. तुमच्याएवढं ते मशीन मला कुठे माहीत आहे?" म्हणाला आणि एक कात्री उचलली.

तो एक शब्द वाकडा बोलला असता तर काकांना किती बरं वाटलं असतं. शिवाय हात चांगला होता मेल्याचा. काकांची एक वेल निघेपर्यंत त्याच्या दोन निघाल्या, आणि कापडावर भोकाची खूणसुद्धा नाही.

"जरा हळू," काका म्हणाले. "कापड फाटेल."

कापड फाटत नव्हतं.