जाईबाई आणि चार उलटे डायोड

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत पंखा बंद पडला तर तो कोणी दुकानात नेत नसे. तळमजल्यावर जाईबाईंच्या दारात ठेवायचा आणि गुपचूप सटकायचं. गुपचूप अशासाठी, की रेंगाळलं तर ऐकून घ्यावं लागायचं. "पंखा कधी पुसता की नाय? ह्या धुळीत भाजी पिकेल!" माझा पंखा त्यांच्या हाताखालून अनेकदा गेला आणि प्रत्येक वेळी दोष पंख्याचा नव्हता, माझा होता. महापालिकेच्या पाणी खात्यात माझा जन्म गेला, लोकांच्या शिव्या खायची मला सवय आहे. पण जाईबाईंसमोर मी चप्पल काढून उभा राहायचो.

जाईबाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न करून आल्या आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागल्या, म्हणजे छोट्या बॉबिनांवरचं सूत सोडवून मोठ्या, शंकूसारख्या कोनांवर गुंडाळायचं काम. ब्याऐंशीचा संप झाला. संप बरोबर की चूक या विषयावर आमच्या चाळीत अजून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही, कारण मला दोन्ही बाजूंचा राग येतो. नवरा गुणाजी गिरणी चालू व्हायची वाट बघता बघता आजारी पडला आणि गेला. पोरगा जयवंत पहिलीत होता. निदान त्याला पोटभर मिळावं म्हणून बाईंनी त्याला गावी आजीकडे पाठवलं आणि स्वतः लालबागच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसल्या.

"सूत गुंडाळत होते, आता तार गुंडाळते," त्या सांगायच्या. "फरक एवढाच, सूत तुटलं की नायकीण ओरडायची, तार तुटली की मीच ओरडते." नायकीण म्हणजे बायकांच्या खात्यावरची मुकादमीण. ओरडण्याच्या बाबतीत शिष्य गुरूच्या पुढे गेला, याला सगळी चाळ साक्षीदार आहे.

जयवंत दहावीपर्यंत गावीच राहिला. पुढे होस्टेलवर राहून शिकला, नोकरीला लागला, बदलापूरला फ्लॅट घेतला, मीनाक्षी नावाच्या चांगल्या मुलीशी लग्न केलं. आणि मग सुरू झालं त्याचं पालुपद, "आये, आता माझ्याकडे चल." बाई म्हणायच्या, "माका हयसर काय कमी आसा?" आणि विषय संपायचा.

संपला नाही तो रघुमुळे. रघुचं गॅरेज आमच्या समोरच आहे, म्हणजे माझ्या दुपारच्या झोपेच्या बरोबर समोर. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तेव्हा कित्येक गाड्यांचे कॉम्प्युटर पाण्यात गेले. असली एक मेलेली गाडी रघुने भंगारवाल्याकडून उचलली. कंपनीचा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता, म्हणून कुठूनसा बाहेर बनवलेला एक कंट्रोलरचा डबा आणला. इंजिनात पेट्रोल फवारतात ते चार इंजेक्टर कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे ठरवायचं त्याचं काम. रघुने तारा जोडल्या, चावी फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि डब्यातून धूर आला.

तो जळका डबा घेऊन रघु बाईंकडे आला. बाईंनी आधी त्याची हजेरी घेतली.

"मेल्या, इंजेक्टर म्हणजे काय रे? आत कॉइलच ना? कॉइलमधला करंट एकदम तोडलास की ती लाथ मारते. ती लाथ सगळी ह्या गरीब ट्रान्झिस्टरला बसली. डायोड कुठे लावलास?"

"डायोड लागतात होय, मावशी?"

"नाय, मी आपली हौस म्हणून सांगते!"

डायोड म्हणजे मिरीपेक्षा जरा मोठा, काळा, लांबट दाणा, दोन्ही टोकांना तार, एका टोकाशी रुपेरी पट्टी. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखाच, एका बाजूने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. प्रत्येक इंजेक्टरला एक आडवा जोडला की कॉइलची लाथ तिथल्या तिथे गोल फिरून जिरते. एवढं मलाही कळलं, कारण बाईंनी ते रघुला अशा आवाजात समजावलं की तिसऱ्या मजल्यालाही कळलं असावं.

रविवारी जयवंत आला तेव्हा बाई दारात बसून सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा जात नव्हता. झालं. त्याला आयतंच सापडलं.

"बघ, दिसत नाही तुला. मोतीबिंदू असेल. अशा डोळ्यांनी सोल्डरिंगचे डाग देत बसतेस, हात भाजून घेशील. ते काही नाही, चल."

"दोरा जाडा आहे!"

"आये, दोरा तोच आहे."

बाईंचा पारा चढला. समोर रघु दुरुस्त केलेला डबा घेऊन उभा, मी कठड्याला टेकलेला, शेजारच्या राधाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. एवढ्या लोकांसमोर आंधळी ठरणं त्यांना कसं सोसणार? त्या म्हणाल्या, "हे चार डायोड आत्ता तुझ्यासमोर जोडते. एक जरी चुकला, तर डोळे गेले समज. त्याच पावली सामान बांधते. आणि बरोबर आले, तर बदलापूरचं नाव काढायचं नाय. कबूल?"

"कबूल," जयवंत म्हणाला. चाळीतून जाईबाई जाणार ही कल्पनाच मला सहन होईना, आणि त्यात पंख्याचा संबंध नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या.

बाईंनी पाटावर वायरींचा जुडगा घेतला. बॅटरीच्या तारा वरच्या बाजूला, कंट्रोलरकडे जाणाऱ्या खाली. एकेक डायोड बोटांत धरला, वळवून पाहिला, बसवला, डाग दिला. हात तसूभर हलला नाही. रघुने सगळं गाडीत जोडलं, या वेळी मध्ये फ्यूज टाकून, कारण बाईंचा हुकूम होता. चावी फिरवली. टप्प. फ्यूज गेला. दुसरा टाकला. तोही गेला.

रघुने वायरिंग काढून पुन्हा पाटावर आणलं, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी... चारही उलटे लागलेत. पट्टी बॅटरीकडे पाहिजे होती."

जयवंतने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गं, आये. होतं असं वयाने." एवढ्या मायेने तो बोलला की बाईंना भांडताही येईना. त्या नुसत्या त्या चार दाण्यांकडे बघत राहिल्या. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

तेवढ्यात राधाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. त्याही वाइंडिंग खात्यातल्याच, बाईंच्या शेजारच्या मशीनवरच्या. पाटावर वाकल्या आणि फणकारल्या, "उलटे कसले? बरोबर तर लावलेत! पट्टी खाली!"

"पट्टी खाली कशाला?" रघु म्हणाला.

"कशाला म्हणजे? मशीनवर बॉबिन लावताना तिची रंगाची पट्टी खाली नको? वर ठेवली तर नायकीण हात मोडून ठेवील!"

जाईबाईंनी डोकं वर केलं. आधी राधाबाईंकडे पाहिलं, मग डायोडकडे, मग जयवंतकडे, आणि त्यांचा आवाज परत आला. "ऐकलंस? गिरणी बंद झाली, नायकीण वर गेली, तरी हात तिलाच भितात रे! आता मला सांग, दिसत नसतं तर काय झालं असतं? दोन सुलटे, दोन उलटे लागले असते. ती एवढीशी पट्टी चारही वेळा दिसली, म्हणून तर चारही वेळा खाली गेली! चूक झाली ती हातांची. डोळे पास!"

यावर चाळीत रीतसर खटला चालला. कठड्यावरून लोक मतं देऊ लागले. मी अर्थातच बाईंच्या बाजूने बोललो, आणि जरा जास्तच जोरात बोललो. शेवटी बाईंनी चारही डायोड सोडवले, नायकिणीला मोठ्याने माफी मागून पट्ट्या वर केल्या आणि पुन्हा डाग दिला. रघुने चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रघु गाडीच्या टपावर थापा मारत सुटला.

"जिंकलीस, आये," जयवंत म्हणाला. तो हसत नव्हता. पायरीवर बसला आणि खाली बघून बोलू लागला. "डोळ्यांची काळजी होती. पण खरं सांगू? मला वाटलं, कारण असलं तर तू येशील. पहिलीत होतो तेव्हा तू मला एसटीत बसवलंस. मग मे महिन्यात यायचो आणि शाळा उघडायच्या आधी परत. मी तुझ्याजवळ राहिलोच कधी? मला राहायचंय तुझ्याजवळ. बाकी काही नाही."

गाडी अजून चालूच होती. बाईंनी रघुला हातानेच बंद करायला सांगितलं.

"मग असं बोल ना, मेल्या! म्हातारी निकामी झाली म्हणून नेतोस असं वाटलं माका." त्यांनी पदराला हात पुसले. "पैज मी जिंकले ना?"

"हो."

"म्हणजे तू मला नेऊ शकत नाहीस."

"नाही."

"मग मी माझी येते. वाइंडिंगचं मशीन तुझ्या हॉलमध्ये बसवायचं. आणि गिऱ्हाईक आलं तर मीनाक्षीने तोंड वाकडं करायचं नाय."

गणपती झाल्यावर त्या निघाल्या. मशीन, तारेची रिळं, सगळं रघुच्या त्याच गाडीत भरलं. मला वाईट वाटत होतं आणि मी ते लपवलं नाही. बाहेर येताना जयवंतने सवयीने हात पुढे केला, "आये, सांभाळून, पायरी आहे." आता ऐकून घे लेका, असं मी मनात म्हटलं. पण जाईबाई काही बोलल्या नाहीत. लख्ख उन्हात, जन्मभर उतरलेली ती एक पायरी त्या त्याचा हात धरून उतरल्या.