शेजारीण हे नातं नाही

विकेंती हर्बाचिक म्हणजे वरच्या मजल्यावरची कटकट, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. आता तो माझा नवरा आहे म्हणून 'तो' म्हणते. एरवी आमची सगळी भांडणं 'तुम्ही' म्हणूनच व्हायची, अगदी रीतसर, वडिलांच्या नावासकट.

आमच्या गावच्या बॉयलरघरात त्याने चाळीस वर्षं काढली. घराघरांत गरम पाणी तिथूनच येतं. निवृत्त झाला, पण दुसऱ्याची चूक काढायची खोड काही गेली नाही. जिन्यात 'शनिवारी पाणी बंद' अशी नोटीस लागली की हा खिशातली लाल पेन्सिल काढून खाली लिहायचा, 'शनिवारी नव्हे, रविवारी. मी जाऊन विचारलं.' आणि पाणी खरंच रविवारी जायचं. हेच तर डोक्यात जायचं. एकदा जरी चुकला असता तर आम्हाला पोटभर हसता आलं असतं.

मी शाळेच्या भोजनगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केलाय. चारशे पोरं माझी बटाट्याची धिरडी बोटं चाटून खायची. शेजारधर्म म्हणून एकदा याला बशीभर दिली, तर म्हणतो कसा, यात पीठ आहे. आहेच, चमचाभर. बटाटा धरून ठेवायला नको? तर म्हणे, चांगल्या बटाट्याला धरून ठेवावं लागत नाही. मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. बशी मात्र धुऊनपुसून परत आली, आणि धिरडं एकही उरलेलं नव्हतं.

खोटं बोलणं त्याला जमतच नाही. शिष्टाचारापुरतं, समोरच्याचं मन राखण्यापुरतंसुद्धा नाही. माणूस म्हणून हा केवढा मोठा दोष आहे ते आमच्या बेलारूसमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही.

झालं असं, की ऑक्टोबरात इंटरनेटवर फोटो आला. मोठे साहेब नव्या बॉयलरघराची फीत कापताहेत, मागे चकचकीत पिवळा पाइप. विकेंतीने चष्मा पुसला आणि खाली लिहिलं, 'हा पाइप कशालाच जोडलेला नाही. नुसता रंगवलाय. साहेबांनी मागे वळून हात लावून बघावा. अक्कल असेल तर कळेल.' बस, इतकंच. त्याच्याखाली त्रेचाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यातला एक 'काळी मांजर' नावाच्या बाईचा होता. ती बाई मीच. ते नाव मला फोनवर विकेंतीनेच लावून दिलं होतं, कारण मला ते जमत नव्हतं, आणि लावताना मला चार गोष्टी ऐकवल्याही होत्या.

पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला माझंच दार वाजलं. तोंडं झाकलेले चार दांडगे पुरुष. मांजर सापडली, म्हटलं. तेवढ्यात वरून सपाता फटफटवत विकेंती खाली आला. त्यांच्या हातातला कागद त्याने वाचला आणि म्हणाला, 'हर्बाचिक मी. तुम्ही दुसरा मजला लिहिलाय, तो चूक आहे. मी तिसऱ्यावर राहतो.' जगात दुसरा कोणी पोलिसांना स्वतःचा पत्ता दुरुस्त करून देईल का? त्याने दिला, आणि ते त्याला घेऊन गेले.

खटल्यात एका भाषातज्ज्ञाने अकरा पानांचा अहवाल दिला, की या मजकुरात साहेबांच्या बुद्धीचा अपमान आहे, आणि आमच्याकडे तो गुन्हा आहे. आपला माणूस उभा राहिला. म्हणाला, चौथ्या पानावर चूक आहे. साहेबांना अक्कल नाही असं मी म्हटलेलंच नाही. मला खात्री नव्हती, म्हणून तर 'असेल तर' लिहिलं. बाकावर बसलेले सगळे खाली बघून खोकायला लागले. न्यायाधीशबाईंनी अडीच वर्षं दिली.

आणि मांजरीचं काय, ते मला त्याच्या वकीलबाईंनी नंतर सांगितलं. चौकशीत त्याला विचारलं होतं, ही काळी मांजर कोण, माहीत आहे का? दुसरा कोणीही 'नाही' म्हणाला असता. हा म्हणाला, 'माहीत आहे. सांगणार नाही.' तीन दिवस एकट्याला कोंडून पुन्हा विचारलं, तरी तेच. ते ऐकल्यावर घरी येऊन मी ओट्याला धरून उभी राहिले आणि खूप रडले. मग रागही आला. 'माहीत नाही' म्हणायला काय जात होतं मेल्याचं?

दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. तुरुंगातल्या दवाखान्यात ती नव्हती. वकीलबाई भेटून आल्या आणि म्हणाल्या, ओठ निळे पडलेत, चार पायऱ्या चढला की थांबतो. मी गोळ्या घेतल्या, लोकरीचे मोजे घेतले, लसूण लावलेली डुकराची खारवलेली चरबी घेतली आणि दोन बस बदलून तुरुंगाच्या खिडकीशी गेले. आतल्या बाईने विचारलं, कोण लागता? म्हटलं, शेजारीण.

"शेजारीण हे नातं नाही," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्याकडे ढकलली.

म्हटलं, बाई, त्याची खुर्ची सरकली तरी मला खाली कळतं की तो जेवायला बसला. याला नातं नाही तर काय म्हणायचं? तिने मागच्याला पुढे बोलावलं. दुसऱ्या खेपेला मी मावसबहीण झाले, तर तिने जन्माचे दाखले मागितले. पत्रं टाकली, तीही शिक्का मारून परत आली. त्याला आई नाही, भाऊ नाही, लग्न त्याने केलंच नव्हतं. त्याच्या छातीवर पिवळी पट्टी शिवलेली, म्हणजे राजकारणातला कैदी, म्हणजे त्याच्या बाबतीत कुठलाही नियम वाकायचा नाही.

"पत्नी हे नातं आहे," वकीलबाई सहज बोलाव्यात तसं बोलल्या.

मी चौसष्ट वर्षांची बाई. एक नवरा पुरून झालेला. रात्रभर विचार केला असं सांगितलं तर लोकांना बरं वाटेल, पण मी चहा संपेपर्यंतच विचार केला. वकीलबाईंच्या हाती निरोप धाडला, की लग्न करता का, गोळ्यांसाठी. आठवड्याने उत्तर आलं, अगदी माझ्या वडिलांच्या नावासकट. रेगीना अदामावना धिरड्यात पीठ घालणं बंद करणार आहेत का? मी उलट निरोप दिला, मेले तरी नाही. त्यावर मार्चमध्ये त्याने अर्जावर सही केली.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी मला आधीच तंबी दिली होती. नुसतं सामान पोचवायला केलेलं लग्न म्हणजे बनावट. तसा संशय जरी आला तरी मी नोंद करणार नाही, आणि पुन्हा अर्ज घेणार नाही. झाली का पंचाईत! जगात एकच माणूस असा की ज्याला खोटं बोलता येत नाही, आणि नेमकं त्यालाच विचारणार, लग्न का करताय? वकीलबाईंना दहादा बजावलं, त्याला सांगा, फक्त 'हो' म्हण. एक अक्षर. पुढे काही नको.

लग्नाच्या दिवशी मी आईचं भरतकामाचं कापड घेऊन तुरुंगात गेले. नवरानवरी त्यावर उभे राहिल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. गेटवरच्या शिपायाने ते उलगडलं. वर पांढरं, मध्ये लाल भरत, खाली पांढरं. त्याचा चेहराच पडला. मग माझ्याही लक्षात आलं की मी कुठले रंग घेऊन कुठे आलेय. सरकारविरोधकांचा हा तीन पट्ट्यांचा झेंडा धरला म्हणून माणसं आत गेलीत, इतकंच काय, दोरीवर तसे मोजे वाळत घातले म्हणूनही जाब द्यावा लागलाय. मी म्हटलं, अरे बाळा, हे माझ्या आईने एकोणीसशे पंचावन्न साली भरलंय, तिला काय ठाऊक? तो आपल्या वरिष्ठाला घेऊन आला. वरिष्ठाने तिसऱ्याला बोलावलं. तिघांनी मिळून आईचं भरतकाम उलटसुलट तपासलं आणि ठरवलं की लग्न होऊ शकतं, कापड गेटवर राहील. मला त्याची पावती दिली.

तेव्हा आम्ही नुसत्या लिनोलियमच्या फरशीवर उभे राहिलो. विकेंतीला आणलं तेव्हा मी क्षणभर दुसऱ्याच कोणाला तरी आणलंय असं समजले. डोकं भादरलेलं, कपड्यात माणूस कुठे आहे तेच कळेना. ओठ खरंच निळे होते. त्याने माझ्याकडे बघून मान लववली, जिन्यात लववायचा तशी.

नोंदणीच्या बाईंनी मला विचारलं, स्वतःच्या इच्छेने लग्न करताय? मी इतक्या जोरात हो म्हटलं की दाराशी उभा शिपाई दचकला. मग त्यांनी त्याला विचारलं.

मी मनात म्हणतेय, विकेंती, एक अक्षर. त्याने समोरचा अर्ज ओढून घेतला आणि वाचायला लागला.

"बाई, यात एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला.

गेलं, म्हटलं. गोळ्या गेल्या, माणूस गेला.

"इच्छा मार्चमध्ये झाली असं यावरून वाटतं. ते चूक आहे. ही राहायला आली तेव्हाच झाली. बारा वर्षं झाली त्याला. उशीर माझ्याकडून आहे, तसं लिहा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही लिहिलं नाही. शिक्का उचलला आणि मारला.

त्यानंतर आम्हाला तीन मिनिटं दिली, मध्ये टेबल ठेवून. लोक अशा वेळी गोड बोलत असतील. मी भडकलेच. म्हटलं, गावातल्या एकूण एक पाइपाबद्दल बोललात, जिन्यातल्या नोटिसांबद्दल बोललात, माझ्या पिठाबद्दल बोललात, आणि एवढं एकच तोंडातून निघालं नाही?

"खात्री असल्याशिवाय मी बोलत नाही," तो म्हणाला. "तुमच्या उत्तराची नव्हती." मग त्याने विचारलं, "तेव्हा विचारलं असतं, तर हो म्हणाला असतात?"

मी तोंड उघडलं आणि शिपाई म्हणाला, वेळ संपली. त्याला उठवून घेऊन गेले. दारातून वळून बघायचीही परवानगी नव्हती.

खिडकीवर मी नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. त्याच बाईने वाचलं, गोळ्या मोजल्या, मोजे उलटे करून बघितले, चरबीचे तुकडे करून तपासले आणि पिशवी आत घेतली. वकीलबाई सांगतात, आता चार पायऱ्या तो न थांबता चढतो.

घरी पोचल्या पोचल्या मी पत्र लिहिलं. आता बायको आहे, पत्र परत यायचं कारण नाही. तुरुंगातला तपासनीस आधी वाचणार हे माहीत आहे, वाचू दे बापडा. इकडचंतिकडचं काही लिहिलं नाही, एकच ओळ लिहिली. 'त्याच दिवशी हो म्हणाले असते, मूर्खा, तू विचारायचं होतंस.' टाकून एकवीस दिवस झाले. त्याच्या हातात पडलं की तपासनिसाच्या टेबलावरच आहे, ते अजून कळलेलं नाही.