लोन नव्हे, सावड

शेळगावात आमच्याकडं एकच बैल होता. दुसरा शेजारच्या तात्यांचा. एक दिवस आमची नांगरट, एक दिवस त्यांची. याला सावड म्हणतात. पुस्तकांची मात्र सावड नव्हती. मला एम.ए.ला लागणारं पुस्तक बारामतीच्या एका कॉलेजात होतं, पण माझ्या इंदापूरच्या कॉलेजच्या कार्डावर ते घरी मिळायचं नाही. मी एसटीनं जायचे, तिथंच बसून वहीत उतरवायचे. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली.

आता मी इंदापुरात एका कॉलेजची ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षी एम.एस्सी.ची रेश्मा काउंटरवर आली. दहा दिवसांवर प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. खारवट जमिनीवरचं एक पुस्तक हवं होतं, तेही बारामतीच्या त्याच कॉलेजात.

"मॅडम, रोज तितं जाऊन बसू कशी? पोरगी दोन वर्साची हाय."

मी तिथल्या ग्रंथपालांना, पाटणे सरांना, फोन लावला.

"देतो की. पण इंटर लायब्ररी लोनचं पत्र आणा, अध्यक्षांच्या सहीचं."

म्हणजे पुस्तक विद्यार्थ्याला नाही, लायब्ररीनं लायब्ररीला द्यायचं. हरवलं तर भरून देणार घेणारी लायब्ररी.

मी पत्र टाइप करून आमच्या संस्थेच्या अध्यक्षांपुढं, आबांपुढं, ठेवलं. 'लोन' शब्दापर्यंत वाचून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आत्ता कारखान्याच्या मीटिंगमधनं उठून आलो, तितंबी लोनच. हितं तरी नको."

"आबा, पैशाचं नाही, पुस्तकाचं."

"कशाचं का असंना. संस्था कुणाच्या लोनला जामीन ऱ्हाणार न्हाय. ठराव हाय तसा."

मी नियम सांगितले, कलमं सांगितली. आबा घड्याळाकडं बघत होते. चूक माझी होती. मी त्यांना माझा सिलॅबस शिकवत होते.

"आबा, तुमची नांगरट पूर्वी कशी व्हायची?"

"सावडीनं. का वो बाई?"

"दुसऱ्याचा बैल आपल्या रानात लंगडला तर?"

"ज्याच्या रानात लंगडला त्यानं निस्तरायचं. ह्यात इचारायचं काय?"

"पत्रात तेच आहे. त्यांचा बैल आपल्याकडं येणार, उद्या आपला त्यांच्याकडं जाणार."

आबा हसायला लागले. "मग सरळ सावड लिव्हा की! शिकल्याली माणसं तुमी, साधं बोलायला काय हुतंय?"

मी 'ग्रंथालय सावड' असं शीर्षक टाकून पत्र पुन्हा काढलं. सही झाली.

पत्र घेऊन मीच बारामतीला गेले. पाटणे सरांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, हा कुठला नियम?"

"सही बघा की सर."

"सही आहे बुवा."

ज्या हॉलमध्ये मी वह्या भरल्या होत्या, तिथून पुस्तक पिशवीत घालून बाहेर पडले.

रेश्मा पास झाली. पुस्तक मुदतीआधी दोन दिवस परत गेलं. पुढं दोन्ही कॉलेजांनी कायमचा करार केला. त्याचं शीर्षक तेच ठेवलंय. कागद ज्याच्या सहीसाठी आहे, त्याच्या भाषेत लिहावा, एवढं मी शिकले.

आज इंदापूरच्या कार्डावर बारामतीचं पुस्तक पंधरा दिवस घरी नेता येतं.