पोत्यातले टाळ

सून कणीक भिजवायला बसली की त्या ओल्या पिठाच्या वासानं मी अजून परतूरच्या मारुतीच्या पारावर जाऊन पोचतो. आमच्या भजनी मंडळाच्या पखवाजाला वाजवण्याआधी डाव्या बाजूनं तशीच ओली कणीक थापत. निजामाचं राज्य होतं. मी कापसाच्या जिनात कामाला होतो, आणि मंडळात सगळ्यांत जोरात टाळ वाजवणारा म्हणून माझं नाव होतं.

एका दुपारी सरावाला आमच्या बुवांनी सगळ्यांचे टाळ मागून घेतले आणि पोत्यात घातले. बुवा सुतारकाम करत.

"आज एकेकानं एकच ओळ म्हणायची," ते म्हणाले. "वाजवायचं बिलकुल न्हाई."

असलं काही आजवर कुठल्या मंडळात ऐकलं नव्हतं. माझी पाळी आली. ओळ कित्येक वर्षं तोंडात बसलेली, पण स्वतःचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पातळ, थरथरता, सुराच्या बराच खाली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

"इतके दिवस टाळामागं लपवून ठेवल्ता," बुवा म्हणाले. "आता सापडला, मंग कामाला लावू त्याला."

मी रागानं उठून घरी गेलो. आता त्या रागाचं मलाच नवल वाटतं. आठ दिवसांनी परत गेलो, तर बाकीच्यांच्या हातात टाळ होते. माझे मात्र पोत्यातच. बुवांनी ते शेवटपर्यंत दिले नाहीत. पुढं पुढं मीही मागितले नाहीत.