बेडकाचे दात

बेडकाला दात असतात ही बातमी गोंदियाजवळच्या आमच्या कामठा गावात मी आणली. इंग्रजांच्या राज्याची शेवटची वर्षं होती. मी नागपूरच्या कॉलेजात बेडूक चिरून आलो होतो आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. वरच्या जबड्यात बारीक दातांची रांग, खालचा जबडा बोडका, टाळूला आणखी दोन टोचरे पुंजके. दुसरं कुणी ऐकेना, म्हणून मी मोठ्या बहिणीला सांगे. तिला आम्ही बाई म्हणत असू. ती भाताच्या रोवणीपुरती माहेरी आली होती आणि माझं सगळं कौतुकानं ऐकायची.

त्या सकाळी रोवता रोवता बाईनं खेकड्यासाठी धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, बिळात हात घातला. आतून एक मोठा बेडूक उडी मारून बाहेर पडला आणि लगेच ती ओरडली. बोटावर दोन लाल ठिपके उमटले होते.

"साप तं नसंल?" आई घाबरली. "बैल जुंपा, गोंदियाले दवाखान्यात नेऊ."

मी हसलो. चिखलातून तो बेडूक पकडला, त्याचं तोंड फाकवून टाळूचे दात साऱ्या बायांना दाखवले. "हे पाहा, दोनच. कायले भेऊन राहिल्या? दवाखान्यात काही न्याचं नाही."

"माह्या भावाले मालूम हाये, माय," बाई म्हणाली. "तो शिकून राहिला." आणि पुन्हा रोवायला वाकली.

बेडकाचे दात धरलेला किडा निसटू नये एवढ्यासाठीच असतात. हेही पुस्तकात होतं, मला पाठ होतं. बिळातून बेडूक का पळाला, हे तर अडाण्यालाही कळलं असतं. माझ्या त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दुपारपर्यंत हात सुजला, पापण्या मिटू लागल्या, पाणी गिळवेना. मग मीच धावत बैल जुंपले. गोंदियाच्या वाटेवर, डोकं माझ्या मांडीवर असताना, ती गेली.

तिचे यजमान आले. त्यांनी एवढंच विचारलं, "दवाखान्यात लवकर काऊन नाही नेली?"

आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिनंच नाही म्हटलं."

"हट्टीच होती," म्हणत ते तिच्यावरच रागावले आणि ढसाढसा रडले. मी शेजारीच बसलो होतो. 'नाही' मी म्हटलं होतं, हे ते जिवंत असेतोवर मी त्यांना सांगितलं नाही.